उंदराचा वाटा

आमची होडी लहान. एकवीस हात, माणसं दोन,
मागे जुनं यंत्र,
नाळेवर लाल अक्षरांत गणेशप्रसाद.
मासळीचे वाटे चार:
होडीचा एक, जाळ्याचा एक,
ह्यांचा एक, लवूभावजींचा एक.
पाचव्याचं कुणी काही ठरवलं नव्हतं.

पावसाळाभर ती आनंदवाडीच्या बंदरात
वर ओढून झापांखाली ठेवलेली.
पौर्णिमेच्या आठ दिवस आधी झाप काढले
तर नाळेपासून सुकाणापर्यंत
काळ्या तांदळासारख्या लेंड्या.
आणि जाळ्याला भोक,
मी त्यातून उभी निघाले असते.
"नाव वाचून चडलो मेलो,"
लवूभावजी म्हणाले.

जाळं माझं. म्हणजे विणलेलं माझं.
अख्खा आषाढ त्यात गेला,
सुईने बोटाला पडलेला घट्टा अजून आहे.
कुरतडलेली कड चाचपली,
दातांची खूण बारीक, रोजची, कामाची.
राग आला. आणि थोडं असंही वाटलं
की एवढा वेळ लावून कुणी माझं काम
आजवर पाहिलं नव्हतं.

मग सापळा. भाजलेलं खोबरं लावलं,
सकाळी खोबरं नाही, सापळा तसाच आ वासून.
मग गोंदाचा पुठ्ठा.
त्याला एक कुर्ली चिकटली
आणि भावजींची डाव्या पायाची चप्पल.
करंगुटकरांची बोकी नेऊन बसवली.
तिने पाणी पाहिलं, फळीत नखं रोवली
आणि रात्रभर एवढी रडली
की तिलाच सोडवायला जावं लागलं.
औषधाला हे नाही म्हणाले.
तेच हात मासळीला लागतात,
आणि फळीखाली मेला
तर हंगामभर कोण बसणार त्या वासात?

होडी पाण्यात ढकलली, धक्क्यापासून लांब नांगरली,
दोरात करवंट्या ओवल्या,
वर चढणाऱ्याचा पाय घसरावा म्हणून.
तीन रात्री करवंट्या वाऱ्यावर खुळखुळत राहिल्या.
वर चढायचं कुणाला होतं?
तो आतच होता.

शेवटी तारींचे दाजी काठी टेकत आले.
होडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं.
"बुडव तिका एक रात.
लाकूड पाणी पिता. उंदीर खंय पितलो?"

ओहोटीला उथळात नेली.
यंत्र उतरवलं, जाळं उतरवलं, तळाची खुंटी काढली.
मी खडकावर बसून बघत होते.
भरती घाईत नसते.
आधी फळ्या ओल्या झाल्या, मग आडवे दांडे,
आपल्याच होडीत असं पाणी चढताना पाहिलं
की पोटात कालवतं, कारण कितीही चांगलं असो.

सांजेला नाळेवर, लाल 'ग'च्या डोक्यावर, ती आली.
ती. तोंडात काहीतरी गुलाबी,
उकडलेल्या सुंगटाएवढं.
उडी मारली. पोहत काठाला.
खडकाच्या फटीत ठेवलं आणि परत फिरली.
भावजींनी वल्हं उचललं.
ह्यांनी काही अडवलं नाही, काही म्हटलंही नाही,
आणि भावजी ते वल्हं तसंच
खांद्यावर घेऊन उभे राहिले,
जणू मोजायलाच नेमले होते.
चार खेपा झाल्या.
पाचव्या खेपेला ती नुसतीच आली,
तोंड रिकामं.
तोवर 'ग' पाण्याखाली गेला होता.

दुसऱ्या दिवशी होडी उपसली.
फळीखाली घरटं मिळालं, ओलं:
भावजींच्या बनियनची चिंधी,
परवान्याचा कोपरा, शिक्क्यासकट,
आणि माझं तंगूस,
गोल, आत आत वळवलेलं.
मला तसं जमलं नसतं.
त्यात एक पिल्लू राहिलेलं.
ते मीच पाण्यात सोडलं. कुणाला सांगितलं नाही.

भोक बुजवलं. पौर्णिमेला नारळ दिला.
पहिल्या खेपेला बांगडा बरा लागला,
चार ढीग घातले, चार टोपल्या उठल्या.

त्याच रात्री आमच्या माळ्यावर,
जिथे जुनं जाळं ठेवलंय,
खुडबुड.
मी श्वास धरून पडले.
हेही जागेच होते.
बऱ्याच वेळाने अंधारातच म्हणाले,
"इली मगे."